बाबांविषयी अकरा नोंदी

साखरेसाठी बाबांनी तिसरं कपाट उघडलं, तेव्हा सुट्टीवर आलेल्या लेकीने चहाचा कप खाली ठेवला.

पहिल्यात ताटं होती, दुसऱ्यात कपबश्या. तिसऱ्यात रिकाम्या बाटल्या.

"अहो, खालच्या खणात," आई म्हणाली आणि तिच्याकडे वळली. "परवाच जागा बदलली मी. ह्यांच्या डोक्यात अजून बसलेलं नाही."

"तेवढाच व्यायाम," बाबा हसले.

ती हसली नाही. दोघं बाहेर गेल्यावर तिने साखरेचा डबा उचलून पाहिला. खाली अंथरलेल्या कागदावर गंजाचं तपकिरी वर्तुळ होतं. परवा ठेवलेल्या डब्याचं असं वर्तुळ पडत नाही.

फोनमध्ये तिने लिहिलं: दिवस सहावा, सकाळी सात चाळीस, साखर. आई सांभाळून घेते आहे.

ही चौथी नोंद होती. पहिली न्हाणीघरातल्या दिव्याची. दोघं या नव्या घरात राहायला येऊन दोन वर्षं झाली होती, तरी बाबांनी आधी बाहेरचा दिवा लावला, मग पंखा, मग बरोबर बटण सापडलं. दुसरी किल्लीची. ती उलटी धरून ते दारापाशी बराच वेळ झगडत होते. तिसरी टॉवेलची. तो कुठे असतो हे त्यांनी दोन दिवसांत तीनदा विचारलं. शेजारच्या काकूंचा कुत्रा बाबांवर भुंकायचा, आईवर नाही. तेही तिने लिहिलं होतं, मग खोडलं. कुत्र्याची साक्ष कोण धरणार?

परदेशातल्या प्रयोगशाळेत गेली तीन वर्षं ती हेच काम करत होती. उंदरांच्या मेंदूचे पातळ काप, आणि त्यांत विसरणं कुठून सुरू होतं त्याचा शोध. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आईबाबा सोफ्यावर शेजारी बसलेले दिसायचे, बाबा कडक इस्त्रीच्या शर्टात. तिथून काहीच कळलं नव्हतं.

सुट्टी एकवीस दिवसांची होती. खरं तर तिसऱ्या दिवसापासूनच ती उरलेले दिवस मोजू लागली होती. तिथली माळ्यावरची खोली, रोज डोकं आपटायचं ते उतरतं छत, सायकल, कॉफीच्या यंत्रापाशी रोज त्याच मुद्द्यावर भांडणारे दोघं सहकारी. सगळ्याची इतकी आठवण यायची की स्वतःचीच लाज वाटायची. त्यात तिथल्या सरांचं पत्र आलं होतं. पाच वर्षांची जागा. हो की नाही, शुक्रवारी दुपारपर्यंत कळव. पत्र वाचून ती खोलीत एकटीच नाचली होती. पण ते घरी आल्याच्या पहिल्या दिवशी, बाबांनी चुकीची बटणं दाबायच्या आधी.

बुधवारपर्यंत नोंदी अकरा झाल्या.

"बाबा, एक खेळ. शंभरातून सात वजा करत जायचं."

"त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर..." ते थेट दोनपर्यंत न अडखळता आले. "अजून काही, शास्त्रज्ञबाई?"

सुरुवातीला असंच असतं, तिने स्वतःला बजावलं.

त्या दुपारी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. ती समोर जाऊन बसली.

"बाबांना हे कधीपासून होतंय?"

आईच्या हातातली उशीची खोळ अर्धवट राहिली. "काय होतंय?"

"बटणं सापडत नाहीत. किल्ली लागत नाही. आणि साखर तू परवा हलवलेली नाहीस. डब्याखाली गंज आहे."

"अगं बाई! साखरेच्या डब्याचीही तपासणी केलीस?"

"विषय बदलू नकोस. डॉक्टरांना दाखवलं का?"

"डॉक्टर कशाला? त्यांचं डोकं माझ्यापेक्षा ताजं आहे."

"मग तू मला काय सांगत नाहीयेस?"

आईने घडी पुन्हा मोडली, पुन्हा घातली. "सुट्टीला आलीस ना? मग सुट्टी घे. तिकडे पोचलीस की बोलू सावकाश. फोनवर."

म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी होतं. आणि ती विमानात बसेपर्यंत दोघं तोंड उघडणार नव्हती.

शुक्रवारी सकाळी एका सहकाऱ्याने फोटो पाठवला. तिच्या सूक्ष्मदर्शकापुढची रिकामी खुर्ची. खाली लिहिलं होतं, 'हिला करमत नाही.' न्हाणीघरात जाऊन तिने नळ मोठा सोडला आणि पोटभर रडली. मग तोंड धुतलं, खोलीत येऊन सरांना पत्र लिहिलं. चार ओळी. शेवटची ओळ तिने तीनदा वाचली आणि पाठवून दिलं.

नाश्त्याच्या टेबलापाशी दोघं बसली होती. बाबा वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होते.

"मी परत जाणार नाहीये," ती म्हणाली. "तिकडची जागा नाकारली. आत्ताच कळवलं."

बाबांची पेन्सिल थांबली.

"अगं, पण तुझा जीव आहे तिथे," आई म्हणाली. "असं एकदम कसं?"

"एकदम नाही. आठ दिवस विचार केलाय. इथे शिकवायचं काम मिळेल कुठेतरी. मला सगळं कळलंय, आई. तू एकटीने किती ओढायचं? आता आपण तिघं एकत्र राहायचं. कायमचं."

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी आईकडे. इतका वेळ दोघं एकमेकांकडे बघताना तिने या सुट्टीत पाहिलं नव्हतं. बाबांनी उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्या हातातली पेन्सिल त्यांनी चहाच्या कपात खोचली. तीही नोंद करावी असं तिला वाटलं, पण तिने केली नाही. किती तरी दिवसांनी तिला हलकं वाटत होतं.

"आंघोळ करून येते," ती म्हणाली. "मग डॉक्टरांची वेळ घेऊ. नाही म्हणायचं नाही."

न्हाणीघराचं दार लागलं. पाण्याचा आवाज सुरू होईपर्यंत आई थांबली.

"अहो," ती दबक्या आवाजात म्हणाली, "तीन आठवड्यांचं ठरलं होतं आपलं. आता तुम्ही तुमच्या घरी कधी जाणार?"