इंजिनातली टकटक

विधीची जुनी डिझेल गाडी चौथ्यांदा धुळ्यातल्या झिपरूनानांच्या गॅरेजसमोर थांबली, तेव्हा नाना हातातलं काम टाकून बाहेर आले. इंजेक्टर बदलून झाले होते, टॅपेट सेट करून झाले होते. चाळीस वर्षांत त्यांच्या हातची गाडी अशी परत आली नव्हती.

"नाना, इंजिनातली टकटक वाढतच चाललीय. जीव मुठीत धरून चालवते मी," विधी म्हणाली.

नानांनी गाडी चालू केली, बॉनेट उघडलं आणि वाकून इंजिनाजवळ कान नेला. त्यांना टकटक कुठेच ऐकू येईना.

"कोठे शे आवाज, बेटा?" त्यांनी विचारलं. विधीने चालू इंजिनाकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात नानांची बायको धुरपदाबाई जेवणाचा डबा घेऊन आली आणि दारातच थबकली.


तिने डबा खाली ठेवला आणि इंजिनाकडे बघत दोन्ही कान घट्ट दाबून धरले.