आज तारीख किती

सकाळी अकराच्या सुमाराला रक्तपेढीतलं निम्मं रक्त एका क्षणात शिळं झालं.

निदान पडद्यावर तरी तसं दिसत होतं. एकेका पिशवीपुढची हिरवी खूण लाल होत गेली आणि थंड कपाटाला आपोआप कुलूप लागलं. खिडकीवरचा तंत्रज्ञ हातमोजे चढवून कपाटाशी पोचला होता. तो तसाच उभा राहिला. हवी होती ती पिशवी काचेतून समोर दिसत होती. त्या गटाची तेवढी एकच होती. लेबलावर मुदत वीस तारखेची; आज चौदा. पण सर्व्हरच्या घड्याळात चोवीस तारीख उजाडली होती, आणि मुदत संपलेलं रक्त ते कपाट कुणाच्या हाती लागू देत नसे.

खिडकीबाहेर एक बाई चिठ्ठी घेऊन उभी होती.

"काय झालं?"

"मुदत संपली म्हणतंय," तंत्रज्ञ बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

संगणक सांभाळणाऱ्या बाईंना सगळं रुग्णालय सर्व्हरताई म्हणे. त्या धावतच आल्या, खुर्ची ओढायच्या आधीच त्यांनी तारीख मागं घेतली. खुणा हिरव्या झाल्या.

"उघड."

त्याचा हात कपाटाच्या मुठीवर पडतो न पडतो तोच खुणा पुन्हा लाल. पुन्हा मागं, पुन्हा लाल.

"भूत आहे, ताई."

"भूत असतं तर मागं गेलं असतं. हे पुढं पळतंय."

बाईनं खिडकीच्या फळीवर तळहात आपटला. "अहो दादा, आत माझी धाकटी जाऊ आहे टेबलावर. बाळ झालं, पण रक्त थांबत नाही. घड्याळाचं काय ते मागाहून बघा."

सर्व्हरताईंची बोटं थांबली. कुणीतरी घड्याळाला पुढं ओढत होतं. ते काही स्वतःच्या मनानं चालत नाही. दर दोन-चार सेकंदांनी बाहेरच्या एका मोठ्या घड्याळाला वेळ विचारून घेतं. त्यांनी ती नोंद उघडली. बाहेरून उत्तर नव्हतं. सकाळपासून रस्ता खणत होते, तार तुटली असणार. बाहेरचा बोलला नाही तर घरातल्या कुणाला विचारायचं, तेही कुणीतरी पूर्वी लिहून ठेवलं होतं.

"कोठारातला संगणक," त्यांनी वाचलं.

"म्हणजे काका?"

ती नोंद पुसायची तर मुख्य कार्यालयाची परवानगी लागली असती. काका समोरच्याच खोलीत होते. ताई पळाल्या.

कोठारातले काका चष्मा कपाळावर सारून कागदावर काहीतरी उतरवत होते. त्यांच्या पडद्यावर चोवीस तारीख होती.

"काका, तारीख कुणी बदलली?"

"मीच. दर सोमवारी बदलतो. दहा दिवस पुढं नेली की कुठल्या पिशव्या वाया जाणार ते आधीच लाल दिसतं. मग त्या आधी वापरायला सांगतो. लगेच मागं घेतो हो."

"आज घेतली?"

"मध्ये चहा आला."

"काका, आज सर्व्हर तुम्हाला विचारून चाललाय."

"मला? मला घरात कुणी विचारत नाही." ते हसू लागले, आणि ताईंचा चेहरा पाहून मध्येच थांबले. मग त्यांचं बोट कळ शोधू लागलं. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा पडद्यावर चौदा तारीख आली.

ताई पुन्हा आपल्या खुर्चीत. तारीख मागं घेतली. खुणा हिरव्या. एक मिनिट गेलं. खुणा हिरव्याच राहिल्या.

कुलूप खट्‌कन उघडलं. तंत्रज्ञानं पिशवी थंड डब्यात ठेवली आणि डबा खिडकीतून पुढं केला.

बाईनं हात मागं घेतला.

"मघाशी मुदत संपली म्हणालात ना? मग आता एकाएकी चांगलं कसं झालं?"

"घड्याळ पुढं गेलं होतं. आता बरोबर आहे."

"घड्याळ तुमचं, आणि बरोबर आहे हेही तुम्हीच सांगणार."

"बाई, वेळ जातोय."

"मला कळत नाही का?" तिचा आवाज फाटला. "आम्हा जावांचं पटत नाही हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. माझ्या हातून शिळं रक्त गेलं आणि तिचं काही झालं, तर दिराला काय तोंड दाखवू?"

सर्व्हरताई काहीतरी सांगायला पुढं झाल्या. त्यांच्याकडं शब्द पुष्कळ होते, पण सगळे संगणकाचे.

बाईनं डब्याचं झाकण उचललं. लेबलावरची तारीख ओठ हलवत वाचली. मग खिडकीकडं पाठ करून तिनं सगळ्या बाकड्यांना विचारलं, "आज तारीख किती?"

"चौदा," पायाला प्लास्टर घातलेला एक मुलगा म्हणाला.

"चौदा," खाटेची गाडी ढकलणारा न थांबता म्हणाला.

"पंधरा," एक आजोबा म्हणाले.

"चौदा," त्यांच्या शेजारून आजी म्हणाल्या. "यांचं सगळं एक दिवस पुढंच असतं."

कुणीतरी हसलं. पार टोकाकडून, न दिसणाऱ्या कुणीतरी, "चौदाच," म्हटलं.

कोठाराच्या दारात काका येऊन उभे होते. बाईची नजर त्यांच्यावर गेली आणि तिथंच थांबली.

"चौदा," ते म्हणाले.

"द्या इकडं."

तिनं डबा पोटाशी धरला आणि ती धावत सुटली. बाकड्यांवरच्या सगळ्यांनी आपापले पाय आत ओढून घेतले.