गार चेंडू

चेंडू समोरच्या भिंतीवर आपटून खाली आला आणि उठलाच नाही. धाकटी धापा टाकत पोहोचली तेव्हा तो तिच्या बुटाशी मुकाट लोळत होता. तिसरा गेम थोरलीने घेतला.

काचेबाहेर त्यांचा बाप उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. मागच्या रांगेतली बाई म्हणाली, "अहो, एकदाचं काय ते ठरवा." तो बसला, पण पाय काही हलायचे थांबेनात. पहिले दोन गेम धाकटीने आरामात घेतले होते. स्क्वॉशच्या चार भिंतींत तिची सगळी मदार पळण्यावर. चेंडू उसळता असला की ती तो कुठूनही उचलते आणि समोरच्याला दमवून मारते. थोरलीच्या हातात नजाकत आहे, पण गुडघ्याच्या ऑपरेशनला वर्षही झालं नव्हतं. लांबलेली रॅली तिला झेपत नाही. संघात जागा एकच उरली होती, ती आजच्या विजेतीची. धाकटीला अजून संधी होत्या. थोरली पुढच्या वर्षी वयात बसणार नव्हती. ती आज हरली की खेळ संपला. आणि दोघी पोटच्या, त्यामुळे बापाला धड टाळीही वाजवता येत नव्हती.

तो टायरला नवं रबर चढवायच्या कारखान्यात होता. रबर हा त्याचा घरचाही विषय. पाहुणे चहा अर्धा टाकून उठायचे, पण ह्याचं रबर ताणलेलंच. मुली लहान असताना त्याने घरातले सगळे चेंडू एकाच उंचीवरून फरशीवर सोडून दाखवले होते. टेबल टेनिसचा टणाटण उडाला, टेनिसचा बेताने, आणि स्क्वॉशचा काळा चेंडू मळलेल्या कणकेसारखा पडून राहिला. "आपटला की प्रत्येक चेंडू चेपतो," त्याने सांगितलं होतं. "कुणी खाल्लेला मार बराचसा परत करतो, कुणी पोटात ठेवतो. हा आळशी जवळजवळ सगळा पोटात ठेवतो. पण त्याच माराने तापला ना, की रबर सैलावतं, आतली हवा फुगते, आणि मग बघा उड्या."

म्हणूनच त्याला आता चैन पडत नव्हतं. दोन गेम मार खाऊन तापलेला चेंडू विश्रांतीनंतर असा मेल्यासारखा कसा पडतो? चौथ्या गेमलाही तेच झालं. चेंडू जरा उसळायला लागेपर्यंत थोरलीने भिंतीलगत अलगद टाकून भराभर गुण काढले होते. दोन-दोन बरोबरी झाली. लोक म्हणाले, थोरलीला सूर सापडला. थोरलीही तशीच हसत बाहेर आली.

शेवटच्या गेमआधीची विश्रांती सुरू झाली. थोरली बाकावर बसली. गुडघ्यावर बर्फाची पिशवी, आणि पिशवीला टेकलेली घट्ट मिटलेली मूठ. मुठीत चेंडूच असणार, बापाला वाटलं. विश्रांतीत चेंडू मुठीत धरून गरम ठेवायचा ही त्याचीच शिकवण, आणि त्याच्याच लेकीने ती अशी उलटी फिरवली होती. पंचांना सांगावं तर हिचं सगळं संपतं. गप्प बसावं तर दुसरीच्या डोळ्यांत धूळ. तो उठला आणि तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"चेंडू दाखव."

"कुठला चेंडू?" तिने मूठ उघडली. आत काहीच नव्हतं. तळव्यात नखांचे वळ होते. "कळ येते रे बाबा, म्हणून धरलीये. चेंडू तिच्याकडे आहे. म्हणाली, ताई, तू बर्फ लाव, चेंडू मी सांभाळते."

बापाने वळून पाहिलं. पलीकडच्या बाकावर धाकटी पाठमोरी बसली होती. तो तिच्याजवळ गेला. तिच्या मांडीवर टॉवेल होता, टॉवेलात बर्फाच्या पाण्याची बाटली, आणि बाटलीला दोन्ही हातांनी दाबून धरलेला काळा चेंडू.

"बाबा, तोंड उघडायचं नाही," ती मान वर न करता पुटपुटली. "मला अजून खूप वर्षं आहेत. तिला नाहीत."

आपण कुणावर संशय घेतला, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागवावं तर कुणावर आणि जवळ घ्यावं तर आधी कुणाला?

एवढ्यात मागून थोरलीचा हात पुढे आला. बापाचा पडलेला चेहरा बघून ती लंगडत त्याच्यामागे आली होती. पुढच्या गेमची पहिली सर्व्हिस तिची, चेंडू मागायचा तिला हक्कच होता. धाकटीने टॉवेल आवळला, मग नाइलाजाने चेंडू दिला. थोरलीने तो बोटांत दाबला. बाटलीकडे पाहिलं. मग बहिणीकडे पाहिलं, बराच वेळ. तिच्या चेहऱ्यावरचा मघाचा आनंद उतरून गेला.

पंचांना ती काही बोलली नाही. एकटीच कोर्टात गेली आणि भिंतीवर चेंडू मारू लागली. अंगातलं सगळं बळ लावून, गुडघा वाचवायचा विचारही न करता. पहिले फटके जमिनीलगतच मेले. ती वाकली, उचलला, पुन्हा मारला. प्रत्येक फटक्याला तिचे ओठ आवळले जात होते. लोकांना वाटलं, हात मोकळा करतेय. बापाला बघवेना, आणि नजरही हटवता येईना. हळूहळू चेंडू घोट्याच्या वर यायला लागला, मग कमरेपर्यंत. पंचांनी वेळ झाल्याचं सांगितलं तेव्हा तो टणटणत होता आणि थोरली एका पायावर उभी होती.

धाकटी दारातच थबकली. तिचे डोळे भरले होते. थोरलीने चेंडू तिच्याकडे फेकला.

"घे, बघ, तापलाय. आता हरव मला."