करंगळीचं टोक

नखं रंगवणाऱ्या ताईंचा हात असा, की नखांचा जेल-रंग कुठे जाड नाही, कुठे विरळ नाही. पातळ थर, तो सुकवायला लॅम्पखाली बोटं, पुन्हा पातळ थर. आणि दर थराला नखाचं टोकही रंगाने बंद. टोक उघडं राहिलं की पापुद्रा सुटतो आणि गिऱ्हाईक नावं ठेवतं ती आपल्यालाच.

त्या दुपारची बाई पेंगतच बसली होती. "करंगळीचं टोक तेवढं उघडं ठेवा हं, ताई. येण्याजाण्याला."

"कोणाच्या हो? मुंगीच्या?"

बाई गोड हसली आणि तिने डोळे मिटले.

नऊ टोकं बंद आणि एक उघडं! ताईंना बघवेना. बाईची मान कलंडताच त्यांनी हळूच ब्रश फिरवला, करंगळी लॅम्पखाली सरकवली. निळा रंग काठोकाठ बसला.

मग करंगळीच्या टोकावर बाहेरून टकटक ऐकू आली. बंद दारावर कुणी वाजवावी तशी. थांबली.

"बंद केलंत ना?" डोळे न उघडताच बाई म्हणाली. "आता जिथे उघडं सापडेल तिथे जाईल हो ते."

ताई स्वतःची नखं कधीच रंगवत नसत. त्यांनी पोटापाण्याचे ते दोन्ही हात घट्ट मिटले.

उजव्या मुठीत, अगदी हलकेच, टकटक झाली.