ऊन कंपनीचं

जिन्यात बूट वाजले तेव्हा तुळसाबाई भरदुपारी गच्चीवर सौर पॅनेलांचा शेवटचा नट आवळत होत्या. दुकानाचा माणूस बसवणावळच पॅनेलांच्या किमतीच्या दुप्पट मागत होता. म्हणून त्यांनी भंगारातल्या लोखंडी खाटा कापून सांगाडा स्वतःच जोडला होता. आयटीआयत तीस वर्षं वेल्डिंग शिकवलेला हात होता तो.

"बाई, तालुक्यातलं सगळं ऊन आता वीज कंपनीच्या मालकीचं आहे," ऊन-निरीक्षक भोईटे धापा टाकत म्हणाले. "पापड-कुरडयांना सूट आहे, विजेला नाही. पॅनेलं झाकावी लागतील."

"नाही झाकणार. काय करायचं ते करा."

"मग नोटीस देतो." भोईट्यांनी घाम पुसला आणि वही उघडून ते पॅनेलांखालच्या सावलीत जाऊन उभे राहिले. गच्चीवर दुसरी सावलीच नव्हती.

तुळसाबाईंनी पान्याने बाहेर खूण केली. "नोटीस तुमच्या उन्हात उभं राहून लिहा. ही सावली माझी आहे."

भोईटे बाहेर उन्हात आले. तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून, आपल्या पॅनेलांपाशी उभ्या नजमाभाभींनी हाक मारली, "तुळसाबाई, तुमचं झालं असेल तर पाना इकडे द्या."