दुसरी फाक

भर बैठकीत कंपनीचे साहेब भूवैज्ञानिक बाईंना म्हणाले, “अहवालातलं ते पान काढून टाका.” पानावर लिहिलं होतं: कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्र तापला, तळाच्या बर्फात कोंडलेला मिथेन वायू सुटला, जग आणखी होरपळलं आणि खोलवरचे जीव मेले. कंपनीला इंधनासाठी तोच बर्फ उपसायचा होता. “आणि बाई, पुरावा म्हणाल, तर समुद्रतळात नळी खुपसून काढलेला तुमचा गाळाचा दांडा मी कालच कचऱ्यात टाकला.” बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज चढला नाही. त्या शीतगृहातून लांबट खोका घेऊन आल्या. “साहेब, प्रत्येक दांड्याच्या आम्ही उभ्या दोन फाका करतो. एक कामाला, दुसरी जपून ठेवतो. तुम्ही पहिली टाकलीत.” झाकण काढलं. खाली सूक्ष्म शिंपल्यांचा पांढराशुभ्र गाळ. वर त्या होरपळीच्या काळातला बोटभर तांबडा थर, त्यात एकही शिंपला नाही. खोका साहेबांच्या चहासमोर सरकवला. “हे पान फाडून दाखवा.”