संगणक कामात असताना

कमांड चालेचना. बाबांनी ती पुन्हा टाइप केली, संगणकाने पुन्हा नकार दिला.

आईने टेबलावर काढून ठेवलेले पत्ते उचलले. "आज होत नाही वाटतं?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, पण चेहरा पडला होता.

बाबा घरांचे नकाशे काढायचे. दिवसभर मान वर काढायची फुरसत नाही. जेवायला हाक मारली की "आलोच" म्हणायचे आणि यायचे नाहीत. त्यांच्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम मात्र जगभरच्या हौशी मंडळींनी लिहिलेली, सगळ्यांना खुली. नवी आवृत्ती आली की बाबा तिचा मूळ कोड उतरवून घेत आणि त्यापासून चालती सिस्टिम घरीच, आपल्या संगणकावर बांधून काढत. संध्याकाळभर संगणक त्यातच अडकलेला. नकाशे बंद. मग नवराबायकोची रमी रंगायची. आई राजरोस लबाडी करायची आणि बाबा न दिसल्यासारखं करून हरायचे.

यंदा त्या मंडळींनी कोड ठेवायची जागा आणि पद्धत, दोन्ही बदलली होती. बाबांची जुनी वाट बंद झाली होती.

सुट्टीला आलेली लेक आईमागोमाग स्वयंपाकघरात गेली. "आई, बाबा उगाच डोकेफोड करताहेत. बांधलेली सिस्टिम तयार मिळते. दहा मिनिटांचं काम!"

"ठाऊक आहे गं मला. हळू बोल," आई कुजबुजली. "त्यांना कळलं तर अकराव्या मिनिटाला नकाशे काढत बसतील. तू आपली ती नवी पद्धत शिकव त्यांना."

लेकीने बाबांशेजारी खुर्ची ओढली. जुनं फोल्डर पुसायला लावलं. अख्खा कोड नव्या जागेवरून पहिल्यापासून आणवला. बाबा नवी कमांड पुटपुटत पाठ करत होते, परीक्षेला बसल्यासारखे. अखेर बांधणी सुरू झाली. पडद्यावर ओळी धावू लागल्या, पंखा घोंघावू लागला आणि बाबांचा जीव भांड्यात पडला.

आतून पत्ते पिसल्याचा आवाज आला. लेकीला हसू आवरेना.

"हसतेस काय?" बाबांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तयार मिळते, ते मलाही माहीत आहे. तुझ्या आईला मात्र सांगू नकोस. दहा मिनिटांत कुठे रमी होते?"